राखणदाराचं नाणं

बिटकॉइन म्हणजे काय, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मलाच काय, आमच्या वाडीतल्या चिमाकाकीला, जिला स्वतःच्या मोबाईलचा आवाज कमी करता येत नाही, तिलासुद्धा सांगता येईल. मे महिन्यात वहाळाकाठच्या, म्हणजे खालच्या ओढ्याकाठच्या, विहिरीत पाणी वाटीवाटीनं झिरपतं. हंडा भरेपर्यंत तिथं बसून राहावं लागतं. तेवढ्या वेळात आम्ही बायकांनी हा विषय घासूनपुसून लख्ख केलाय.

माझं नाव नम्रता. आईबापानं मोठ्या आशेनं ठेवलं, अंदाज चुकला. मी बोलते. सासरी आले तेव्हापासून बोलते, आणि माझ्या बोलण्यानं काही हलत नाही हेही मला तेव्हापासूनच माहीत आहे.

आमची वाडी मिरजोळ्याच्या एमआयडीसीच्या मागं, वर सड्यावर, उघड्या कातळावर. गावाची पाण्याची टाकी खाली आहे, तिथलं पाणी वर चढत नाही. शिमगा उलटला की वाडीतली विहीर तळ दाखवते. मग पाऊस लागेपर्यंत घाटीची उभी वाट उतरून वहाळावर जायचं आणि भरलेला हंडा डोक्यावर घेऊन तीच घाटी चढायची. पुरुष हंडा घेत नाहीत. का घेत नाहीत, असं मी एकदा विचारलं, तर हिरव्या बांगड्या भरायला सांगितल्यासारखे सगळे हसले होते. आमचे हे, लवू त्यांचं नाव, एमआयडीसीत कामाला आहेत. येताना मोटरसायकलला दोन कॅन बांधून आणतात. ते प्यायला. गुरं, भांडी, कपडे, आंघोळी हे सगळं माझ्या मानेवर.

ती मान गेल्या वर्षी कामातून गेली. रत्नागिरीच्या डॉक्टरनं फोटो काढला, मणके दाखवले आणि म्हणाला, "बाई, डोक्यावर वजन आजपासून बंद."

मी म्हटलं, "मग पाणी काय ओंजळीनं आणू?"

तो म्हणाला, "घरात दुसरं कोणी नाही का?"

दुसरं कोणी म्हणजे माझी सानवी. एकुलती एक, तेव्हा सातवीत होती. मी दवाखान्यातून घरी पोचते तर ही हंडा घेऊन वहाळाला निघालेली. मी तो तिच्या हातातून हिसकावून घेतला आणि सांगितलं, परत हात लावलास तर तंगडी मोडीन. मी तिच्याहून लहान असल्यापासून हंडे वाहतेय. माझ्या डोक्याच्या मधोमध आज केस नाहीत, हात फिरवला तर गुळगुळीत लागतं. माझ्या पोरीचं डोकं हंड्याखाली जायचं नाही, एवढं एकच मी ह्या जन्मात हट्टानं धरलंय. मी कमरेवर कळशी घेईन, चौपट खेपा घालीन, पण ती जाणार नाही. आणि खेपा तरी काय जन्मभर थोड्याच घालायच्या होत्या. पाइपलाइन येणार होती.

ही पाइपलाइन आमच्या मुंबई मंडळाची. वाडीतले जेवढे पुरुष मुंबईत कामाला, तेवढ्यांनी दर महिन्याला पगारातून काही काढून ठेवायचं आणि त्यातून वहाळाजवळ पंप, वर टाकी आणि प्रत्येकाच्या दारात नळ करायचा. माझे मोठे दीर, भागोजी भावजी, मंडळाचे खजिनदार. माणूस सरळ. मंडळाच्या मीटिंगचा चहासुद्धा पदरच्या पैशानं पाजणार, फंडाला हात लावणार नाहीत. कुणी म्हणेल, मग बिघडलं कुठं? तिथंच बिघडलं. लबाड माणूस असता तर आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो असतो.

फंड वाढत होता आणि कंत्राटदाराचा आकडा त्याच्यापुढं पळत होता. यंदा पाइप महागले, यंदा पंप महागला, यंदा मजुरी वाढली. आणि मग त्यात उतरला गुरुप्रसाद.

गुरुप्रसाद म्हणजे भावजींचा मुलगा. ऐरोलीला कॉम्प्युटरवर काम करतो. दाढी कोरून घेतो, गोड बोलतो, आला की आधी माझ्या पाया पडतो. पोरगा वाईट नाही. वाईट नसलेल्या माणसांनीच माझं आयुष्य असं करून ठेवलंय. जानेवारीत मंडळाचा मेळावा झाला त्यात त्यानं सांगितलं की, बँकेत पैसा नुसता कुजतो, तोच बिटकॉइनमध्ये ठेवला तर कंत्राटदाराच्या आकड्याला गाठेल. मोबाईलवर वर वर जाणारी रेघ दाखवली. मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या. वाडीत आम्हाला कळलं तोवर पैसा बँकेतून निघून गेलेला.

मी फोन केला. "गुरू, ते काय असेल ते असो. पाइप कधी येतात?"

"काकी, शिमग्यापर्यंत थांब. बघशील तू."

शिमग्याला तो आला तो उतरलेलं तोंड घेऊनच. भाव पडला होता. वाडीतल्या प्रत्येकाला तोपर्यंत मोबाईलवर भाव बघायची खोड लागली होती. तिकडं पालखीचे ढोल वाजतायत आणि इकडं आमचे पुरुष मांडवाच्या कडेला मान खाली घालून मोबाईल बघतायत. फंडातला चांगला मोठा घास गेला होता.

आमच्याकडं वाडीचा कुठलाही मोठा निवाडा होतो तो सहाणेवर. शिमग्यात देवी नवलाईची पालखी देवळातून निघते आणि त्या चौथऱ्यावर येऊन बसते. मुंबईकर झाडून गावात असतात. देवीसमोर बोललेलं मागं घेता येत नाही, म्हणून भांडणं, वाटण्या, सोयरिकी, सगळं तिथं. त्या दिवशी सहाणेवर बिटकॉइन आला. पुरुष पुढं, आम्ही मागं.

आमच्या देवीचे गुरव परशुराम काका. वयानं मोठे, आवाज खणखणीत. त्यांनी गुरुप्रसादला उभं केलं. "पोरा, एक सांग. ह्या तुझ्या नाण्याचा धनी कोण?"

"धनी कोणी नाही, काका. तीच तर त्याची ताकद आहे. जगभरातली कॉम्प्युटरं मिळून त्याचा हिशेब सांभाळतात. कुठलं सरकार थांबवू शकत नाही, कुठली बँक अडवू शकत नाही. किल्ली आपली, पैसा आपला."

"बरं. आणि उद्या चोरी झाली, भाव पडला, तर दाद कोणाकडं मागायची?"

"कोणाकडंच नाही."

चिमाकाकी माझ्या कानाशी म्हणाली, "अगो बाय, बिनराखणीचं?"

आमच्याकडं बिनराखणीचं काही नसतं. कलमांच्या बागेला राखणदार आहे, पाणंदीला आहे, वहाळावरच्या विहिरीला आहे. दिसत नाही, पण असतो. रात्री काठी आपटत फिरतो. वर्षातून एकदा त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा, त्याला राखण देणं म्हणतात. मग तो बाग सांभाळतो. चोर आत शिरला तर त्याला जागच्या जागी खिळवून ठेवतो, सकाळी मालक येईपर्यंत चोराला पाय उचलता येत नाही. हे मी ऐकीव सांगतेय, खिळलेला चोर मी पाहिलेला नाही. पण दर वर्षी आमच्या कलमाखाली नारळ मीच ठेवते.

भागोजी भावजी उठले. "गुरू, ते दुसरं काय म्हणत होतास रात्री? डॉलरचं?"

गुरुप्रसादला ते सांगायचं नव्हतं, त्याच्या तोंडावरून कळत होतं. पण बाप विचारतोय म्हणून सांगितलं. दुसरं एक नाणं असतं, ते मोबाईलमध्येच राहतं, पण एक नाणं म्हणजे एक डॉलर. परदेशातली एक कंपनी ते काढते आणि जेवढी नाणी तेवढे डॉलर आपल्याकडं बाजूला ठेवते. त्यामुळं आज एक तर उद्याही एकच, भाव उड्या मारत नाही.

"आणि चोरी झाली तर?" परशुराम काकांनी विचारलं.

"कंपनीला कळवायचं. कंपनीच्या हातात असतं. चोरीची नाणी ज्याच्याकडं सापडतील, त्याची ती तिथल्या तिथं गोठवते. मग त्याला ती हलवता येत नाहीत."

आता ह्यावर आमची वाडी काय म्हणणार? सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे खिळवतो." आणि मग एकदम सगळे बोलायला लागले. हे कसं शहाण्या माणसाचं नाणं, ह्याला राखणदार आहे, ते दुसरं म्हणजे कुंपण नाही नि राखण नाही, उघड्यावर टाकलेली बाग.

गुरुप्रसाद एकटाच अडून राहिला. "बाबा, माझं ऐका. पडलंय ते परत चढेल. आता विकलं तर झालेला तोटा पक्का होतो. आणि जो चोराचं अडवू शकतो, तो..."

"तो काय?" भावजींनी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. देवीसमोर बापाला आडवं बोलायची आमच्यात पद्धत नाही.

मग कौल लावला. परशुराम काकांनी देवीच्या चांदीच्या रूपाला, म्हणजे मुखवट्याला, फुलांचे दोन कळे ओले करून चिकटवले. डावा बिटकॉइनचा, उजवा डॉलरच्या नाण्याचा. ढोल थांबले. उजवा कळा सुटून खाली आला, म्हणजे देवीचा कौल डॉलरला. काकांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, आज ह्या वाडीच्या लेकरांनी घामाचा जो काय पैसा मोबाईलात ठेवलेला हाय, त्याला जो कोण वाकडी नजर लावील त्याची नजर परतव, आणि त्या पैशाचा जो कोण राखणदार असंल त्याला जागा ठेव महाराजा." आणि सगळी वाडी म्हणाली, "होय महाराजा."

मीही म्हणाले. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. मला कुठलं नाणं बरं आणि कुठलं वाईट ह्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. मला तो पैसा कुठंतरी गुपचूप एका जागी बसायला हवा होता. पालखी उठायच्या आधी मी पुढं जाऊन भावजींना विचारलं, "मग पाइप कधी?"

"अक्षय्य तृतीयेला कंत्राटदार पाइप टाकतो. तोपर्यंत नाण्यात राहू दे, त्या दिवशी मोडू. माझा शब्द आहे, नम्रता."

सानवी माझ्या बाजूलाच होती. घरी जाताना म्हणाली, "आई, नळ आला की मी मागच्या बाजूला मोगरा लावणार." मी म्हटलं, लाव.

चैत्र कसाबसा काढला. कळशी कमरेवर घेऊन माझी कंबरही मानेच्या रांगेत येऊन बसली. आंब्याच्या कॅनिंगमध्ये मी सीझनला जाते, ते ह्या वर्षी सोडलं, कारण तिकडं दिवस घालवला तर इकडं खेपा कोण घालणार? सानवी रोज संध्याकाळी दारात उभी राहून माझी वाट बघायची आणि मी दिसले की कळशी घ्यायला धावायची. मी ओरडायचे. कधी कधी फार ओरडायचे.

अक्षय्य तृतीयेला कंत्राटदार आला नाही. दुसऱ्या दिवशी बापलेक मुंबईहून आले आणि थेट आमच्या पडवीत येऊन बसले. भावजींनी पाणी मागितलं नाही.

"पैसे हलत नाहीत," गुरुप्रसाद म्हणाला.

"हलत नाहीत म्हणजे?"

त्यानं मोबाईल पुढं केला. आकडा होता तिथं. सगळाच्या सगळा.

"हा काय, आहेत की," मी म्हटलं. "दे मग."

"दिसतात, काकी. पण पाठवता येत नाहीत. कंपनीनं गोठवलेत."

आमचे हे भिंतीला टेकून बसले होते, ते सरळ झाले. मी विचारलं, "का? आपण काय चोरी केली?"

आणि मग ते एकेक करून बाहेर आलं. बिटकॉइन द्यायचं आणि डॉलरची नाणी घ्यायची, ह्यासाठी नीट बाजार असतो. तिथं सरकार विकणाऱ्याचा कर आधीच कापून घेतं. गुरुप्रसादच्या मोबाईलवर एक ग्रुप होता, त्यातला एकजण सरळ हातोहात देतो म्हणाला, कर नाही, कापाकापी नाही आणि वर भावापेक्षा थोडं जास्तच. ह्यानं घेतलं. त्या माणसाची नाणी कुठल्यातरी देशात कुणालातरी लुटून आणलेली निघाली. तिकडच्या पोलिसांनी कंपनीला कळवलं, आणि कंपनीनं ती नाणी ज्याच्या ज्याच्याकडं गेली त्याची त्याची गोठवली.

"चोराकडून कशाला घेतलंस रे?" मी विचारलं.

"त्याच्या तोंडावर लिहिलेलं नव्हतं, काकी." त्याचे डोळे भरले होते. "फंड कमी पडत होता. मला वाटलं, जास्तीचे मिळाले तर टाकीचा खर्च तरी निघेल."

"कंपनीला सांगितलंस का, की आमचा काही संबंध नाही?"

"मेल केला. त्यांचं उत्तर आलं, तिकडच्या पोलिसांशी बोला. तिकडच्या पोलिसांना लिहिलं, त्यांचं उत्तर नाही."

"आणि इकडच्या?"

ह्यावर भावजी पहिल्यांदा बोलले. "ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न हाच, की वाडीच्या पाण्याचा पैसा मोबाईलात गेला कसा. आणि कर चुकवून अनोळखी माणसाकडून घेतलं, हे पोरानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. त्याची नोकरी जाईल, नम्रता."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "आणि ते बिटकॉइन? ते काय करतंय?"

गुरुप्रसादनं बापाकडं बघितलं. "चढलं. जानेवारीत घेतलं होतं त्याच्याही वर गेलं. तसंच ठेवलं असतं तर आज पुरले असते."

भावजींनी डोळे मिटून घेतले. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला नुसती आग लागली होती. एका नाण्याला धनी नव्हता म्हणून आमचा जीव घाबरा झाला, दुसऱ्याला धनी होता तर त्यानं आमचीच मानगूट धरली. दोन्ही नाणी बघितली, दोन्हींचे गुण ऐकले, देवीला विचारलं, सगळं केलं. एवढ्या सगळ्यात खाली वहाळावरून पाणी कोण आणतंय, हे फक्त कुणी विचारलं नाही.

"मी म्हातारपणाचे ठेवलेत त्यातून घालीन," भावजी म्हणाले.

"किती पुरतील?"

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिलं. आत अभ्यास करणारी सानवी दाराआड येऊन ऐकत होती.

मला वाटलं, आता तरी माणसं ठाण्यात जातील, वकिलाकडं जातील, निदान मंडळाच्या लोकांना एकत्र बोलावून तोंड दाखवतील. एकत्र बोलावलं खरं. पण सहाणेवर भावजी उभे राहिले आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला आधी हसू आलं.

ते म्हणाले, "राखणदार आहे म्हणून आपण त्या नाण्यात गेलो. त्यानं त्याचं काम केलं, चोराचा माल खिळवला. चूक आपली झाली. आपण त्याच्या हद्दीत शिरलो आणि त्याला राखण दिली नाही. नारळ नाही, कोंबडा नाही. मग तो आपल्याला ओळखणार कसा?"

मी वाट बघत होते की कुणीतरी हसेल. परशुराम काका गंभीरपणे मान हलवत होते. मुंबईहून आलेले चार-पाचजण, एकाचा भाऊ बँकेत साहेब आहे, तेही मान हलवत होते. गुरुप्रसाद खाली बघत होता. त्याला सगळं कळत होतं, कंपनी म्हणजे कोण, मेल म्हणजे काय, आणि तोही गप्प होता. कारण राखण दिली की दोष राखणीवर जाणार होता, त्याच्यावरून उतरणार होता. देवीला कौल लावला, राखण चुकली का म्हणून. उजवा कळा सुटला, म्हणजे होय.

म्हणजे आता कोंबडे, नारळ आणि सगळ्या वाडीला भात आणि कोंबड्याच्या सागुतीचं जेवण. आणि एवढा स्वयंपाक म्हणजे पाणी. भावजींनी सांगितलं, घरटी तीन हंडे.

मी मागून उठून उभी राहिले. "माझ्या घरचं पाणी येणार नाही."

"गप बस गो," चिमाकाकीनं माझा पदर ओढला.

"का गप बसू? पाण्याचा पैसा ह्यांनी घालवला. आता त्या घालवल्याचं जेवण घालायचं, आणि त्यालाही पाणी मीच आणू? राखणदाराला सांगा, येताना स्वतःचं पाणी घेऊन ये."

सगळे वळून माझ्याकडं नाही, आमच्या ह्यांच्याकडं बघायला लागले. बायको बोलली की आमच्याकडं नवऱ्याकडं बघतात. हे उठले आणि बाहेर जाऊन मोटरसायकलपाशी उभे राहिले.

राखणीच्या दिवशी मी ओट्यावर बसून होते. समोर सहाणेजवळ चुली पेटल्या होत्या. मी ठरवलं होतं, कांदासुद्धा चिरायचा नाही. घराघरांतून बायका घाटी उतरत होत्या, चढत होत्या. चिमाकाकी ह्या वयात तिसरा हंडा घेऊन धापा टाकत गेली, जाताना माझ्याकडं बघितलं नाही. हे सकाळपासून चुलीला लाकडं घालत होते. कुणी काही बोललं की नुसते "हं" म्हणत होते.

थोड्या वेळानं भागोजी भावजी ओट्याशी आले. बसले नाहीत. "नम्रता, देवाचं काम आहे. आपल्याच घराचे हंडे आले नाहीत. खजिनदाराच्या भावाचं घर. लोक लवूला बोलतायत."

"बोलू देत. मला डॉक्टरनं डोक्यावर वजन घेऊ नको म्हणून सांगितलंय, भावजी. तुम्हाला माहीत आहे."

"कळशीनं आण."

"कळशीनं तीन हंडे आणायचे म्हणजे सूर्य मावळेल. आणि मला आणायचेच नाहीत. माझी मान तुमच्या फंडाची वाट बघून बघून गेली, आता तिला तुमचा राखणदार नको."

ते काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात सहाणेकडून कुणीतरी म्हणालं, "आले, आले, लवूच्या घरचे आले." मला वाटलं, हे कुणालातरी विनवून घेऊन आले असतील. मी मान वळवली.

घाटीच्या तोंडातून सानवी वर येत होती. शाळेची ओढणी गोल वळून डोक्यावर ठेवलेली आणि तिच्यावर भरलेला हंडा. दोन्ही हातांनी धरलेला, तोंड लाल, ड्रेस खांद्यापर्यंत भिजलेला. पाणी हिंदकळत होतं. लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते. परशुराम काका म्हणाले, "शाणी हो पोर." भावजींच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी बरं वाटल्याचं दिसलं. ते मला म्हणाले, "बघ. पोरीला कळतं."

मी ओट्यावरून कशी उतरले मला माहीत नाही. गुरुप्रसादनं तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला आणि टोपात ओतला. सानवी माझ्याकडं बघत होती, मार बसेल म्हणून अंग चोरून.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "सगळे बाबांना बोलत होते."

चुलीमागं हे उभे होते. हातात लाकूड तसंच. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी ते लाकूड चुलीत सारलं.

"अजून दोन राहिले तुमचे," टोप हलवणारा म्हणाला. वाईटपणानं नाही, आठवण करून दिली.

सानवीनं रिकामा हंडा उचलला आणि माझ्या होकाराची वाट न बघता घाटीकडं वळली. तिला अडवायला मी तिच्या मागून गेले. हाक मारायला तोंड उघडलं, पण तिथं सगळी वाडी बघत होती, आणि हे खाली मान घालून उभे होते, आणि मला आवाज फुटला नाही. मी नुसती तिच्यामागून विहिरीपर्यंत उतरले.

हंडा भरला. मी दोन्ही हातांनी उचलून तिच्या डोक्यावर चढवायला मदत केली, कारण तिला एकटीला जमत नव्हतं आणि एवढी उंच ती अजून झालेली नाही. मानेत कळ आली. ती चालायला लागली. पहिल्याच चढाला हंडा डुगडुगला आणि पाणी तिच्या डोळ्यांत गेलं. मी तिच्या मागं होते.

"खाली बघू नकोस," मी म्हटलं. "मान ताठ ठेव. एका हातानं धर, दुसरा मोकळा सोड. टाच आधी टेकव. हं. आता चाल."